मायलोचे वेगवान कॅचर

आमच्या मायलोने त्या जूनमध्ये एका महिन्यात एक सोडून दोन स्टॉपवॉच विकत घेतली, तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. नाही पडला. मी आपलं म्हटलं, साठी उलटल्यावर लोकांचे नवरे बोटी घेतात, मोटरसायकली घेतात, ह्याने घड्याळं घेतली. स्वस्तात सुटले.

मायलो कुबिचेक म्हणजे माझा नवरा. धंद्याने स्काउट. पूर्वेकडच्या एका मोठ्या बेसबॉल क्लबसाठी सतरा-अठरा वर्षांची पोरं हेरायची, त्यांची मोजमापं घ्यायची आणि 'ह्याला घ्या', 'ह्याच्या नादी लागू नका' असं वर कळवायचं, हे त्याचं काम. अख्खं नेब्रास्का, कॅन्ससचा वरचा अर्धा आणि दोन्ही डकोटा, एवढा मुलूख त्या एकट्याच्या गळ्यात. मार्चमध्ये गाडी घेऊन निघायचा तो ऑगस्टमध्ये माणसांत यायचा. एकतीस वर्षं हेच. माझी तिन्ही बाळंतपणं त्याच्याशिवाय झाली, कारण तिन्ही वेळा कुठे ना कुठे कुणीतरी पोरगा ताशी नव्वद मैलांनी चेंडू टाकत होता. मी काय काय ऐकवलं असेल ते ऐकवलं. तो मान डोलवायचा आणि मोजे बॅगेत भरायचा.

ह्या धंद्यात गुण देतात ते वीस ते ऐंशीमध्ये. शंभरात का नाही, असं मी लग्नाच्या वर्षी विचारलं होतं. "असंच असतं," म्हणाला. पन्नास म्हणजे मोठ्या लीगमधला साधारण खेळाडू, ऐंशी म्हणजे जन्मात एखाद-दुसरा दिसतो असा, आणि वीस म्हणजे घरी जा बाबा. ही खोड मग घरातही शिरली. माझं डुकराचं रोस्ट साठ, डम्पलिंग पंचावन्न. आमच्या फादरचं प्रवचन चाळीस, "पण लांबी ऐंशी." मुलीने होणारा नवरा जेवायला आणला, तर तो गेल्यावर मायलो म्हणतो, "पाय तीस, हात पंचेचाळीस, स्वभाव सत्तर. घेऊन टाक." तिने घेऊन टाकला. सुखात आहे पोरगी.

त्याचे सगळे अहवाल टाइप करते मी. त्याचं अक्षर असं, की क्लबवाल्यांनी पहिल्याच वर्षी सांगितलं, एक तर टाइप करून पाठव नाही तर फोन कर. त्यामुळे चार राज्यांतल्या कुठल्या पोराचा खांदा कसा आणि कुणाची आई कशी, हे मला घरबसल्या ठाऊक. आणि हेही ठाऊक, की ह्या लोकांत मायलोची एकच गोष्ट वाखाणली जायची. त्याची नजर. साउथ डकोटात एकदा पावसाने मॅच रद्द झाली, तर ह्याने एका पोराला शेडमध्ये सांडलेले चेंडू गोळा करताना पाहिलं आणि साठ गुण देऊन घरी आला. सगळे हसले. तो पोरगा पुढे अकरा वर्षं मोठ्या लीगमध्ये खेळला.

आता ही गोष्ट कॅचरची आहे, म्हणून एवढं सांगते. पहिल्या बेसवरचा खेळाडू दुसऱ्या बेसकडे चोरून पळाला, की बॅटरच्या मागे उकिडवा बसलेल्या कॅचरने पिचरने टाकलेला चेंडू पकडायचा, ताडकन उठायचं आणि दुसऱ्या बेसवर फेकायचा. चेंडू ह्याच्या ग्लोव्हमध्ये पडल्यापासून तिकडच्या ग्लोव्हमध्ये पोचेपर्यंत किती वेळ गेला, ते स्काउट मोजतात. दोन सेकंद लागले तर पोरगा ठीक. एक-नव्वद, म्हणजे एक पूर्णांक नव्वद, लागले तर उत्तम. एक-पंच्याऐंशी म्हटलं की टेक्सासहून माणसं विमानाने येतात. सगळा खेळ सेकंदाच्या दहाव्या भागाचा, तेवढ्यात मला शिंकही धड येत नाही.

हे मोजायला सगळे स्काउट बसतात बॅटरच्या पाठीमागच्या जाळीला लागून, घडीच्या खुर्च्या मांडून, एका रांगेत. तीच त्यांची जागा. तिथून कॅचरची पाठ दिसते, पुढ्यातला ग्लोव्ह काही दिसत नाही. म्हणून ग्लोव्हात चेंडू आदळल्याचा 'थाप्' असा आवाज आला, की अंगठ्याने घड्याळ सुरू करायचं, आणि तिकडे चेंडू पोचलेला दिसला की थांबवायचं.

तर रॉयस टिमरमन. बर्चफील्डच्या शाळेचा कॅचर, सतरा वर्षांचा, मक्याच्या शेतातला पोरगा. एप्रिलमध्ये मायलो त्याला बघून आला आणि जेवायला बसेचना. सूप थंड होतंय आणि हा स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालतोय.

"लिडी, काय हात आहेत गं! चेंडू येतो आणि त्याच्याकडे झोपतो. नुसता झोपतो!"

"तू बस आधी."

"आणि पिचर रडकुंडीला आला की हा उठून जातो, कानात काहीतरी सांगतो, की तो हसायलाच लागतो. मी विचारलं, काय सांगतोस रे? तर म्हणे, रात्री जेवायला काय आहे ते विचारतो."

"माझ्याकडे काय आहे ते तूही विचार. सूप आहे. गार."

"आणि एक-अठ्ठ्याऐंशी, लिडी. तीनदा!"

आता पोराला किंवा त्याच्या बापाला आकडा सांगायचा नाही, हा मायलोचा पहिल्या दिवसापासूनचा नियम. आकडा कळला की पोरं खेळायचं सोडून आकड्याच्या मागे लागतात, असं तो नव्या स्काउटांना बजावायचा. पण मे महिन्यात टिमरमनांनी आम्हाला रविवारी जेवायला बोलावलं. आई जोलीन, गोड बाई. बाप लायल, अंगापिंडाने दांडगा, बोलायला कमी. जोलीनने रुबार्बचं गोडाचं 'पाय' वाढलं आणि मायलोच्या तोंडून निघून गेलं, "एक-अठ्ठ्याऐंशी आहे तुमचा पोरगा." मी टेबलाखालून लाथ मारली, पण उशीर झाला होता. लायलने काटा खाली ठेवला, पुन्हा आकडा विचारला आणि उठून बियाणं कंपनीच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला. रॉयस कानापर्यंत लाल झाला. दोन दिवसांत अख्ख्या बर्चफील्डला माहीत.

क्लबवाले कधी एकाच माणसाच्या सांगण्यावर जात नाहीत. वरून फेरतपासणीला माणूस येतो. तो म्हणजे डॅल प्रुइट, टेक्सासचा, मायलोचा वीस वर्षांचा दोस्त. जूनच्या सुरुवातीला उन्हाळी लीगची मॅच होती, दोघं शेजारी शेजारी बसले. रॉयसने तीन चेंडू दुसऱ्या बेसला मारले. प्रुइटचं घड्याळ म्हणालं दोन-शून्य-दोन, दोन-शून्य-चार, दोन-शून्य-एक. मायलोचं म्हणालं एक-एकोणनव्वद, एक-नव्वद, एक-अठ्ठ्याऐंशी. खुर्चीला खुर्ची लावलेली, फेक एकच, आणि एवढा फरक.

"घड्याळ बदल लेका," प्रुइट म्हणाला.

ह्याने बदललं. पुढच्या आठवड्यात तोच प्रकार. पुन्हा बदललं. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला प्रुइट हसला नाही. गाडीपाशी मायलोला बाजूला घेऊन म्हणाला, "हे बघ, कधीकधी आपण एखाद्या पोराच्या प्रेमात पडतो. मग अंगठा लबाडी करायला लागतो. माझ्या डोळ्यांदेखत दोघा-तिघांचं झालंय. तुझं कॉन्ट्रॅक्ट ऑक्टोबरपर्यंत आहे ना? तेव्हा बोलू."

ह्या धंद्यात ह्याहून वाईट शिवी नाही. आईबहिणीवरून बोलला असता तर मायलो हसला असता. घरी आला तो थेट गॅरेजमध्ये जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी मीच त्याला गाडीत घालून लिंकनला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. म्हटलं, मोतीबिंदू असेल, काढून टाकू, वाद मिटला. डॉक्टर म्हणाले, बासष्टच्या मानाने डोळे ठणठणीत आहेत. मला बरं वाटलं. मायलोचा मात्र चेहरा उतरला.

"डोळे चांगले आहेत म्हणजे काय झालं, कळलं का तुला?" परतताना म्हणाला.

"काय झालं?"

"म्हणजे नजर गेली."

मी नुसताच रेडिओ लावला. नाहीतर मी गप्प बसणाऱ्यातली बाई नाही.

मग त्याने गुण द्यायचं सोडलं. मी रोस्ट वाढलं, विचारलं, "किती?" म्हणाला, "चांगलं झालंय." चांगलं झालंय! एकतीस वर्षांत ह्या माणसाने माझ्या स्वयंपाकाला आकड्याशिवाय दाद दिली नव्हती.  रविवारी चर्चमधून निघताना मुद्दाम म्हटलं, "आज फादरने फारच ताणलं, नाही?" तर म्हणतो, "बिचारा त्याचं काम करतो." मी रस्ताभर डोळे पुसत होते आणि ह्याला वाटलं ऊन लागतंय.

जूनच्या शेवटी त्याने एक कागद माझ्यापुढे ठेवला, टाइप करायला. क्लबच्या नावे पत्र. ऑक्टोबरपर्यंत थांबायची गरज नाही, मी आपणहून निवृत्त होतो, माझ्या नजरेवर आता माझाच भरवसा राहिलेला नाही, असं. खाली सही. ती एक सही तेवढी वाचता येत होती.

"प्रिंटरची शाई संपलीय," मी म्हटलं.

"मग आण."

"आणते." आणि नऊ दिवस आणली नाही. शाई होती भरपूर. पण हातांना काहीतरी चाळा हवा, म्हणून मी जुन्या फायली काढून बसले. म्हटलं, बघू तरी ह्याचा अंगठा कधीपासून लबाडी करतो ते.

आणि बघते तर काय, एकट्या रॉयसचा प्रश्नच नव्हता. तीन वर्षांपूर्वीपर्यंत ह्याचे कॅचर दोन-शून्य-पाचच्या आसपास. पुढच्या वर्षी दोन सेकंदांवर. मग एक-चौऱ्याण्णव. चार राज्यांतल्या झाडून सगळ्या कॅचरांना दोन वर्षांत पंख फुटले होते! धावण्याच्या वेळा मात्र पूर्वी होत्या तिथेच. पिचरांचे आकडे जागच्या जागी. मी फाइल घेऊन तरातरा गॅरेजमध्ये गेले.

"हा कॅन्ससचा पोरगा आठवतो? तूच लिहिलंयस, हात पस्तीस, आळशी, आईला उलट बोलतो. त्याला एक-ब्याण्णव?"

"असेल."

"ह्याच्याही प्रेमात पडला होतास का?"

मायलोने वर पाहिलं. "छे! त्याच्या कुठे!"

"मग प्रुइटचं खरं कसं? तू काय चार राज्यांतल्या सगळ्या कॅचरांच्या प्रेमात पडलास, आणि धावणाऱ्या एकाच्याही नाही?"

त्याने फाइल घेतली, पानं उलटली, परत दिली. "मग अंगठाच म्हातारा झाला असेल," म्हणाला, आणि पुन्हा भिंतीकडे बघत बसला.

चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, मी कोलाच करायला घेतले, आमचे चेक गोड पाव, खसखशीचे आणि आलुबुखाराचे. दुपारी चेक मंडळींच्या सोकोल हॉलमध्ये सगळं गाव जमतं आणि माझे कोलाच नसले तर माझं नाव निघतं. ट्रे ओव्हनमध्ये सरकवला, बारीक पिंपिंप वाजणारा टायमर लावला, मायलोला ओव्हनशेजारच्या खुर्चीत पेपर देऊन बसवला, म्हटलं, "वाजलं की बाहेर काढ, एवढं तरी कर," आणि कपडे वाळत घालायला मागे गेले. शेजारचा स्टॅनली पॅव्हेल्का गवत कापायचं मशीन घरघरवत होता. मी परत आले तर स्वयंपाकघरात धूर. टायमर जिवाच्या आकांताने कोकलतोय, कोलाच काळेठिक्कर, आणि आमचे साहेब शेजारीच बसून पेपर वाचतायत!

"अरे, जिवंत आहेस की मेलास!" मी किंचाळले.

तो दचकून उभा राहिला. "काय झालं?"

"टायमर वाजतोय!"

"कुठे वाजतोय?"

माझ्या हातात जळका ट्रे. तोंडात पुढची शिवी तयार. आणि तिथेच मी थांबले. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या कोपरापासून हातभर अंतरावर ते यंत्र बोंबलत होतं आणि त्याला खरंच ते ठाऊक नव्हतं.

मी ट्रे सिंकमध्ये टाकला. गॅरेजमधून मुलाचा जुना ग्लोव्ह आणि चेंडू आणला, मायलोच्या हातात स्टॉपवॉच कोंबलं आणि त्याला मागच्या पायरीवर पाठ करून बसवलं. "चेंडू ग्लोव्हात पडल्याचा आवाज आला की दाब."

"लिडी, हा काय पोरखेळ—"

"दाब म्हटलं ना!"

स्टॅनलीचं मशीन चालूच होतं. मी चेंडू वर उडवला आणि जोरात ग्लोव्हात घेतला. मायलो स्वस्थ. पुन्हा घेतला. स्वस्थ. पाचव्या खेपेला माझा तळवा झणझणायला लागला आणि हा वळून म्हणतो, "टाकणार आहेस की नाही?"

"पाचदा टाकला! हात सुजला माझा!"

मी कुंपणापाशी जाऊन स्टॅनलीला ओरडून मशीन बंद करायला लावलं. सगळं शांत झालं. पुन्हा टाकला. ह्या वेळी अंगठा चटकन हलला. पुन्हा टाकला, पुन्हा हलला. "चालू कर!" मी स्टॅनलीला ओरडले. मशीन सुरू, अंगठा बंद. स्टॅनली बिचारा मला उन्हाचा झटका आला असं समजून पाणी घेऊन आला.

मायलो पायरीवर बसून घड्याळाकडे बघत होता. मग हळूहळू म्हणाला, "मैदानावर लोक असतात. आरडाओरडा असतो. मला थाप ऐकूच येत नाही." अंगठा डोळ्यांसमोर धरला. "तो उठताना दिसतो तेव्हा दाबतो मी. चेंडू पडल्यावर नाही, पोरगा उठल्यावर. मला वाटायचं मी ऐकतोय."

"म्हणजे दरवेळी उशिरा सुरू करतोस, आणि आकडा कमी येतो."

"सेकंदाच्या दहाव्या भागाने, थोडं जास्तच. लिडी!" तो उठून उभा राहिला. "कान गेलेत माझे! नजर नाही गं, कान! नुसते कान!"

बहिरेपणाची बातमी कळल्यावर एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. हसत होता आणि गालांवरून पाणी वाहत होतं. मीही हसत होते, रडत होते. महिनाभर उरावर बसलेला धोंडा एकदम खाली उतरला. स्टॅनली पाण्याचा ग्लास घेऊन उभा, त्याला समजेना अभिनंदन करावं की डॉक्टरला फोन. मग मायलो आत गेला, सिंकमधला एक जळका कोलाच उचलला, चावला आणि म्हणाला, "वीस." मी त्याला तिथल्या तिथे मिठी मारली.

दोन दिवसांनी आमच्याच मैदानावर मॅच होती. माझ्या सुपीक डोक्यातून कल्पना निघाली, की मी शेजारी बसते, थाप ऐकली की तुझ्या गुडघ्यावर टिचकी मारते, तू दाब. पहिल्याच फेकीला घड्याळाने दाखवलं एक-एकाहत्तर. माझी टिचकी उशिरा, त्यावर ह्याचा अंगठा उशिरा. माझ्यावर भिस्त ठेवली असती तर आमच्या गावचा ढोला कॅचर जगात पहिला आला असता. मग मायलोने खुर्ची उचलली आणि एकतीस वर्षांची जागा सोडून बाजूच्या कुंपणापाशी, पहिल्या बेसच्या अंगाला जाऊन बसला. तिथून कॅचरचा ग्लोव्ह स्वच्छ दिसतो.

जाळीमागच्या स्काउटांनी लगेच तोंडसुख घेतलं. "काय मायलो, वहिनींना घेऊन सहलीला आलास का? टोपलीत काय आणलंय?"

"दोन-शून्य-सात!" मायलो तिथून ओरडला. "तुमचं काय?"

जाळीमागे माना खाली गेल्या. मग एकजण म्हणाला, "दोन-शून्य-सात."

संध्याकाळी त्याने प्रुइटला फोन लावला, स्पीकर चालू ठेवून, कारण आता लपवायचं काय होतं? सगळं सांगितलं. तीन वर्षांच्या कॅचरांचे आकडे चुकीचे आहेत, दुरुस्त यादी पाठवतो, आणि निर्णय तुमचा. 

"आणि पोराच्या हातांबद्दल जे लिहिलंयस ते?" प्रुइटने विचारलं.

"ते डोळ्यांनी पाहिलंय."

"मग ते तसंच ठेव. मलाही ते हात आवडलेत. दोन-शून्य-दोनवाला चांगल्या हातांचा कॅचर मला चालतो. आणि मायलो, आधी कानाच्या डॉक्टरकडे जा रे गाढवा."

जीव भांड्यात पडला म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. मायलोने फोन ठेवला आणि दोन वाडगे सूप प्यायला. साठ दिले.

माझ्या लेखी प्रकरण संपलं होतं. आणि दुसऱ्या सकाळी जोलीन टिमरमनचा फोन आला. "लिडी, मायलोला बोलू नकोस हं, त्याला वाईट वाटेल," अशी सुरुवात. जूनच्या मध्याला रॉयस ओमाहाला निवड शिबिराला गेला होता. तिथे सगळ्या घड्याळांनी त्याला दोन-शून्य-दोन, दोन-शून्य-तीन दाखवलं. पोराला वाटलं, दोन महिन्यांत आपला हात गेला. मग वेळ भरून काढायला चेंडू न सावरताच फेकायला लागला, तर ते थेट मागच्या मैदानात. आता रोज धान्याच्या कोठीच्या भिंतीवर दोनदोनशे चेंडू मारतो, रात्री खांद्याला बर्फ बांधतो, धड झोपत नाही. लायलने त्याला एक्स-रे काढायला नेलं. काही निघालं नाही. "निघालं असतं तर बरं झालं असतं, असं पोरगा म्हणाला गं," जोलीन म्हणाली आणि रडायला लागली.

मी मायलोला सगळं सांगितलं. 'बोलू नकोस' म्हटलेलं मी कधी पाळलं नाही आणि त्या दिवशी तर मुळीच पाळणार नव्हते.

त्याचा चेहरा पडला. "आता जाऊन त्याला सांगू की तू कधीच एक-अठ्ठ्याऐंशी नव्हतास? कॅलेंडरवर लिहिलाय गं बापाने तो आकडा. पोरगा खचेल."

"खचलाय तो आत्ताच."

"थोडे दिवस जाऊ दे. हळूहळू विसरेल."

"तू विसरलास? महिनाभर गॅरेजच्या भिंतीशी बोलत होतास तू! पायात बूट घाल."

बर्चफील्डला दोन तास लागतात.  दुपारचे तीन वाजले होते. चौघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो आणि रॉयस शेवटी येऊन बसला, उजव्या खांद्यावर बर्फाची पिशवी, पट्टीने बांधलेली. एप्रिलमध्ये हा पोरगा रडकुंडीला आलेल्या पिचरला हसवायचा, आणि आता त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. 

मायलोने काही पाल्हाळ लावला नाही. कान, जाळी, थाप, अंगठा, सगळं सरळ सांगून टाकलं. "चूक माझी आहे," म्हणाला. "मोजण्यात माझी, आणि सांगण्यात तर माझीच."

लायल ताडकन उठला. "तीन आठवडे!" म्हणाला. "तीन आठवडे हा पोरगा त्या भिंतीवर स्वतःला मारून घेतोय, आणि तुम्हाला ऐकू येत नव्हतं म्हणून?"

"हो," मायलो म्हणाला.

"बाबा, एक मिनिट," रॉयस म्हणाला. तो मायलोकडेच बघत होता. "म्हणजे एप्रिलमध्येही मी दोन-शून्य-दोनच होतो, मिस्टर कुबिचेक?"

"शून्य-दोन, शून्य-तीन."

"एक-अठ्ठ्याऐंशी कधीच नव्हतो?"

"एकदाही नाही. मला माफ कर बाळा."

"मग माझा हात गेलेला नाही?"

"तुझा हात होता तसाच आहे. मला तो तेव्हाही आवडला होता आणि आजही आवडतो. टेक्सासच्या माणसालाही आवडलाय."

रॉयसने कपाळ टेबलावर टेकवलं. खांदे हलायला लागले. जोलीन घाबरून उठली, त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने तोंड वर केलं तर तो हसत होता, नाक वाहतंय, डोळे वाहतायत आणि हसतोय.

"आई, मी एवढाच स्लो होतो!" तो म्हणाला. "पहिल्यापासून मी एवढाच स्लो होतो!"

त्याने खांद्याची पट्टी ओढून काढली.  लायल सिंकपाशी गेला, नळ सोडला आणि आमच्याकडे पाठ करून बराच वेळ तोंड धूत राहिला.